विश्वस्ताचा हिशेब

रत्नागिरी तालुक्यातल्या पाली गावात मुंबई-गोवा महामार्गाला फाटा फुटतो. एक रस्ता लांजा-राजापूरकडे जातो, दुसरा नाणीज-साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरकडे. इंधनाचे टँकर या रस्त्यांवर रात्रंदिवस धावतात. एखादा टँकर हातखंब्याच्या उतारावर उलटला की तासन् तास वाहतूक थांबते आणि जवळच्या वाड्यांतल्या लोकांचा जीव टांगणीला लागतो. पालीच्या उत्तरेला गुहागर तालुक्यात अंजनवेलजवळ दाभोळचा वीजप्रकल्प आहे. दक्षिणेला राजापूर तालुक्यात नाणार आणि बारसू आहेत, जिथे तेलशुद्धीकरण प्रकल्पावरून गावेच्या गावे रस्त्यावर उतरली. तेल आणि वायू यांचे राजकारण तीस वर्षांहून अधिक काळ या जिल्ह्यात मुक्कामाला आहे. इथे प्रत्येक प्रकल्पावर वाद झाला, मोर्चे निघाले, जमिनीच्या भावावर चर्चा झाली. या सगळ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. समुद्राखालचे तेल आणि वायू कुणाचे? त्यांचा भाव कुणी ठरवायचा? आणि जो ठरवतो, त्याला हिशेब कुणी विचारायचा?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१० रोजी दिली. मुंबईतल्या दोन भावांच्या दोन कंपन्यांचे ते भांडण होते, म्हणून बहुतेकांनी ते कौटुंबिक नाट्य म्हणून पाहिले आणि विसरून गेले. माझ्या मते स्वतंत्र भारतात तेल-वायू उत्पादकांवरच्या सरकारी नियमनाबद्दल इतका मूलगामी निकाल दुसरा नाही. तो योग्य होता. पण त्याचा अर्धाच भाग आपण अमलात आणला. न्यायालयाने सरकारला जनतेच्या वतीने या संपत्तीचे विश्वस्त म्हटले. विश्वस्ताचे अधिकार सरकारने तत्परतेने घेतले. विश्वस्ताने द्यायचा हिशेब अजून मांडलेला नाही.

भांडण दोघांचे, संपत्ती सगळ्यांची

१९९९ मध्ये केंद्र सरकारने नव्या शोध-परवाना धोरणाखाली तेल-वायू क्षेत्रांचा पहिला लिलाव केला. आंध्रच्या किनाऱ्यासमोर बंगालच्या उपसागरातला कृष्णा-गोदावरी खोऱ्याचा एक खोल समुद्रातला पट्टा रिलायन्स इंडस्ट्रीज आणि कॅनडाची निको यांना मिळाला. एप्रिल २००० मध्ये उत्पादन वाटणी करार झाला. २००२ मध्ये तिथे वायूचा मोठा साठा सापडल्याची घोषणा झाली. त्याच वर्षी रिलायन्सचे संस्थापक धीरूभाई अंबानी गेले आणि जून २००५ मध्ये त्यांच्या दोन मुलांमध्ये उद्योगसमूहाची वाटणी झाली. त्या कौटुंबिक समझोत्यानुसार धाकट्या भावाच्या रिलायन्स नॅचरल रिसोर्सेसला दिवसाला २.८ कोटी घनमीटर वायू सतरा वर्षे मिळायचा होता. भाव होता दर दशलक्ष ब्रिटिश थर्मल युनिटला २.३४ डॉलर. हाच भाव रिलायन्सने २००४ मध्ये सरकारी वीजकंपनी एनटीपीसीच्या निविदेत दिलेला होता.

सरकारने हा भाव मान्य केला नाही. सप्टेंबर २००७ मध्ये मंत्रिगटाने ४.२० डॉलर हा भाव मंजूर केला आणि पुढे वायू आधी कुणाला द्यायचा याचा क्रमही ठरवला: खतकारखाने, स्वयंपाकाचा गॅस, वीजप्रकल्प, शहरांतले गॅस वितरण. इकडे वाद मुंबई उच्च न्यायालयात पोचला होता. १५ जून २००९ रोजी खंडपीठाने धाकट्या भावाच्या बाजूने कौल दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन, न्या. बी. सुदर्शन रेड्डी आणि न्या. पी. सदाशिवम यांच्यासमोर सुनावणी झाली.

या दोन दरांमधला फरक किती मोठा होता, हे साध्या गुणाकाराने कळते. २.८ कोटी घनमीटर वायूची उष्णता ढोबळमानाने दहा लाख एककांच्या आसपास भरते. एककामागे १.८६ डॉलरचा फरक धरला तर दिवसाला वीस लाख डॉलरच्या जवळपास आणि वर्षाला सत्तर कोटी डॉलरच्या आसपास रक्कम होते, तीही सतरा वर्षे. एवढा पैसा कुणाच्या खिशात जाणार, हे घरगुती समझोत्याने ठरू शकते का, असा तो प्रश्न होता.

सर्वोच्च न्यायालयाचे उत्तर स्पष्ट होते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २९७ नुसार प्रादेशिक समुद्राखालची आणि सागरी मंचाखालची खनिजे संघराज्याच्या ठायी निहित आहेत. उत्पादन वाटणी करार कंत्राटदाराला वायू शोधण्याचा, काढण्याचा आणि ठरलेला वाटा घेण्याचा हक्क देतो. भूगर्भातल्या साठ्याची मालकी देत नाही. ग्राहकाला वायू सुपूर्द होईपर्यंत मालकी सरकारकडेच राहते. भाव आणि वाटप यांवर अंतिम शब्द सरकारचा. लक्षावधी भागधारकांच्या कंपनीला दोन भावांमधला खासगी समझोता जसाच्या तसा बांधून ठेवू शकत नाही. न्या. सुदर्शन रेड्डी यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात हा मुद्दा अधिक खोलवर नेला. ही संपत्ती राष्ट्र म्हणून भारतीय जनतेची आहे आणि सरकार ती जनतेच्या वतीने सांभाळते, ही त्यांच्या मांडणीची बैठक होती.

निकाल बरोबर का होता

या निकालाला एक आक्षेप तेव्हाही होता: दोन पक्षांनी स्वखुशीने केलेल्या करारात सरकारने नाक का खुपसावे? आक्षेप पोकळ नाही. करार पाळले जातील या विश्वासावरच व्यापार चालतो. पण इथे विकली जाणारी वस्तू दोघांपैकी एकाचीही नव्हती. शिवाय सरकारचा वाटा वायूच्या किमतीवरून ठरतो. भाव कमी धरला की सरकारचे स्वामित्वधन आणि नफ्यातला वाटा दोन्ही कमी होतात. म्हणजे दोघांनी आपसांत सवलत ठरवली तरी तिचा काही भाग तिसऱ्याच्या, म्हणजे जनतेच्या, पदरातून जातो. ज्याच्या पदरातून जाते त्याला बोलण्याचा हक्क असलाच पाहिजे.

पण याच मुद्द्याला दुसरी बाजू आहे. भाव वाढला की सरकारचा वाटा वाढतो, तसे खताचे अनुदानही वाढते आणि वीजही महागते. युरियाचा मुख्य कच्चा माल नैसर्गिक वायू आहे. म्हणजे सरकार एका हाताने भावातून कमावते आणि दुसऱ्या हाताने त्याच भावापोटी अनुदान देते. कोणता भाव जनतेच्या हिताचा, याचे उत्तर उघड आकडेमोडीशिवाय मिळत नाही. २.३४ डॉलर जनतेच्या हिताचा नव्हता, हे मान्य. मग ४.२० डॉलर कशावरून होता?

न्यायालये या आकडेमोडीत सहसा शिरत नाहीत आणि त्यांनी शिरूही नये. खाद्यतेलाच्या एका जुन्या खटल्यात हे तत्त्व घट्ट झाले. १९७७ मध्ये केंद्र सरकारने मोहरीच्या तेलाचा कमाल भाव किलोला १० रुपये ठरवला. तेल गाळणाऱ्या गिरण्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. एवढ्या भावात आमचा खर्चही निघत नाही, हे त्यांचे म्हणणे. प्राग आइस अँड ऑइल मिल्सच्या त्या खटल्यात सात न्यायमूर्ती बसले. १९७८ च्या त्या निकालात पुण्याचे न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी भूमिका मांडली, की भाव ठरवण्याची तांत्रिक प्रक्रिया सरकारच्या निर्णयबुद्धीवर सोडली पाहिजे. न्यायालय फक्त सरकारने सारासार विचार केला की नाही एवढे पाहील. ही भूमिका समंजस आहे. पण तिच्यामुळे एक जागा मोकळी राहते. न्यायालय आकडे तपासणार नाही आणि सरकार ते उघड करणार नाही, तर तपासायचे कुणी? मोहरीच्या तेलाचा तो आदेश अल्पजीवी होता. दुकानात जाणारे गिऱ्हाईक रोज त्याची परीक्षा घेत होते. समुद्राखालच्या वायूच्या बाबतीत गिऱ्हाइकाला असे काही दिसतच नाही.

दाभोळने काय मोजले

ही मोकळी जागा किती महाग पडते, ते रत्नागिरी जिल्ह्याने अनुभवले आहे. १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने अमेरिकी एन्रॉनच्या दाभोळ पॉवर कंपनीशी वीजखरेदी करार केला. पहिला ७४० मेगावॉटचा टप्पा १९९९ मध्ये नाफ्थ्यावर सुरू झाला, महागड्या विजेवरून २००१ मध्ये बंद पडला आणि त्याच वर्षाअखेर एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. माधव गोडबोले समितीने या साऱ्या व्यवहारावर कठोर ताशेरे ओढले. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांनी रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन करून प्रकल्प ताब्यात घेतला. दोन हजार मेगावॉटच्या आसपास क्षमतेच्या या प्रकल्पाला वायू हवा होता. सरकारने वाटपाच्या आपल्या अधिकारात कृष्णा-गोदावरीचा वायू ज्यांना दिला, त्यांत दाभोळही होते. म्हणजे दोन भावांचा खटला ऐन भरात असताना त्यातल्या वायूवर गुहागरची जनित्रे चालणार, असे ठरलेले होते.

वायू आला, पण टिकला नाही. दिवसाला आठ कोटी घनमीटरचे उद्दिष्ट होते. २०१० मध्ये उत्पादन सहा कोटींच्या पुढे गेले आणि तिथून घसरत चार वर्षांत दीड कोटीच्या खाली आले. २०१३ नंतर दाभोळला देशी वायू मिळेनासा झाला. आयात केलेल्या वायूवरची वीज महाग, म्हणून राज्याची वितरण कंपनी ती घ्यायला तयार नाही. हजारो कोटींचा प्रकल्प ठप्प झाला. २०१५ च्या अखेरीस रेल्वेला वीज पुरवण्याच्या व्यवस्थेने त्याचा काही भाग पुन्हा सुरू झाला.

उत्पादन का घसरले? कंपनीने सांगितले, खडकांची रचना अंदाजापेक्षा गुंतागुंतीची निघाली. सरकारने सांगितले, मंजूर आराखड्यात ठरलेल्या विहिरी खोदल्याच गेल्या नाहीत, आणि त्या कारणावरून कंपनीच्या खर्चाचा काही भाग अमान्य केला. प्रकरण लवादात गेले. त्याआधी विकासाचा खर्च २.४ अब्ज डॉलरवरून ८.८ अब्ज डॉलरवर गेला होता आणि वाढीव आराखड्याला सरकारनेच मंजुरी दिली होती. २०११ च्या अहवालात महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, कंपनीवर तर टीका केलीच, पण पेट्रोलियम मंत्रालय आणि हायड्रोकार्बन महासंचालनालय यांनी करारातल्या तरतुदी नीट राबवल्या नाहीत, असाही ठपका ठेवला.

या वादात कोण खरे, हे ठरवायला लागणारी माहिती नागरिकाजवळ नाही. साठ्याचे सुरुवातीचे अंदाज, विहिरीगणिक उत्पादन, खर्चाचे वार्षिक अंदाजपत्रक, सरकारचे प्रतिनिधी जिथे बसतात त्या व्यवस्थापन समितीची इतिवृत्ते, यांतले काहीही नियमाने लोकांसमोर येत नाही. माहिती अधिकाराच्या कायद्यात व्यापारी गुपिताचे कलम आहेच. गुहागरची जनित्रे थांबली तेव्हा ज्यांनी जमिनी दिल्या, ज्यांनी महागडी वीज घेतली, ज्यांच्या करातून प्रकल्प पुन्हा उभा राहिला, त्यांना एवढेच कळले, की वायू नाही.

सीमेपलीकडून आलेला वायू

दुसरा खटला तर थेट मालकीच्या गाभ्यावरच बोट ठेवतो. रिलायन्सच्या पट्ट्याला लागूनच सरकारी कंपनी ओएनजीसीचे पट्टे आहेत. वायूला नकाशावरच्या रेघा कळत नाहीत. जिथे दाब कमी होतो तिकडे तो सरकतो. आपला वायू शेजाऱ्याच्या विहिरींतून निघतो आहे, असा दावा करत ओएनजीसी २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेली. डीगोलियर अँड मॅकनॉटन या अमेरिकी तज्ज्ञ संस्थेने २०१५ मध्ये अहवाल दिला, की सुमारे ११ अब्ज घनमीटर वायू ओएनजीसीच्या पट्ट्यांतून पलीकडे सरकला आहे. मग निवृत्त न्या. अजित प्रकाश शाह यांची समिती नेमली गेली. त्यांच्या समितीने २०१६ मध्ये महत्त्वाची गोष्ट सांगितली: सरकलेल्या वायूचा लाभ परत यायचा असेल तर तो ओएनजीसीकडे नव्हे, सरकारकडे यावा, कारण साठा ओएनजीसीचाही नाही. त्यावर सरकारने १.५५ अब्ज डॉलरची मागणी केली.

पुढचा प्रवास वळणावळणांचा आहे. २०१८ मध्ये लवादाने बहुमताने कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. आपल्या हद्दीतल्या विहिरीत आलेला वायू काढायला करार मनाई करत नाही, असा त्याचा आशय. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने तो कायम ठेवला. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी खंडपीठाने दोन्ही निर्णय रद्द केले, आणि पुढच्याच महिन्यात सरकारने २.८१ अब्ज डॉलरची मागणी नोंदवली. कंपनीने या निकालाला आव्हान देण्याची भूमिका घेतली.

मला इथे निकालापेक्षा तारखा महत्त्वाच्या वाटतात. उत्पादन सुरू झाले २००९ मध्ये. ओएनजीसीने तक्रार केली २०१३ मध्ये. तज्ज्ञांचा अहवाल आला २०१५ मध्ये, तोवर साठ्यातला मोठा भाग निघूनही गेला होता. दोन पट्ट्यांचा साठा एकच असण्याची शक्यता असते, तेव्हा विहिरी चालू होण्याआधीच तो संयुक्त साठा म्हणून मोजायचा आणि वाटणी ठरवायची, हा तेलउद्योगातला जगभरचा जुना शहाणपणा आहे. आपल्याकडे हे वेळेत घडवून आणायचे कुणी? ज्या मंत्रालयाने एका बाजूला रिलायन्सशी करार केला आणि दुसऱ्या बाजूला ज्याच्याकडे ओएनजीसीची सूत्रे आहेत, त्या मंत्रालयाने? मालक, करारातला पक्षकार, उत्पादक कंपनीचा धनी आणि नियामक, असे चारही अधिकार एकाच दाराआड आहेत. १९९३ मध्ये स्थापन झालेले हायड्रोकार्बन महासंचालनालय त्याच मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. २००६ च्या कायद्याने पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ आले, पण त्याचा अधिकार शुद्धीकरण, वाहतूक आणि वितरणापुरता. प्रत्यक्ष उत्पादन त्याच्या कक्षेबाहेर आहे.

अमेरिकेचे दोन धडे

ही पेचातली वाट दुसऱ्या देशाने आपल्या आधी चालून पाहिली आहे. १९३० च्या ऑक्टोबरमध्ये पूर्व टेक्ससमध्ये प्रचंड तेलसाठा सापडला. अमेरिकेत तेव्हा रूढ नियम असा, की आपल्या जमिनीतल्या विहिरीतून जो जेवढे काढेल तेवढे त्याचे, मग ते शेजाऱ्याच्या जमिनीखालून का आलेले असेना. परिणामी प्रत्येकाने घाईघाईने विहिरी खोदल्या, साठ्याचा दाब कोसळला, तेल वाया गेले आणि १९३१ मध्ये पिंपाचा भाव काही सेंटांवर आला. शेजारच्या ओक्लाहोमा राज्यात १९१५ चा कायदा होता. त्याखाली तिथला आयोग प्रत्येक विहिरीला उत्पादनाची मर्यादा घालून देत असे. चॅम्पलिन रिफायनिंग या कंपनीने त्याला आव्हान दिले. मे १९३२ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे म्हणणे फेटाळले. जमीनमालकाला तेल काढण्याचा हक्क आहे, पण नासाडी रोखण्याचा आणि त्याच साठ्यावरच्या इतरांचे हक्क जपण्याचा राज्याचा अधिकार त्याच्या वर आहे, असे न्यायालय म्हणाले. त्याच वेळी कायद्यातली शिक्षेची संदिग्ध तरतूद मात्र त्याने टिकू दिली नाही.

दुसरा धडा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मिळाला. टेक्ससचे गव्हर्नर रॉस स्टर्लिंग यांनी उत्पादन रोखण्यासाठी तेलक्षेत्रात सैनिक पाठवून लष्करी कायदा पुकारला होता. हेतू नासाडी थांबवण्याचाच होता. तरीही सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. सत्तेने आपल्या अधिकाराची मर्यादा ओलांडली का, हे तपासणे न्यायालयाचे काम आहे आणि गव्हर्नरचा शब्द त्यावर अंतिम नाही, असा त्याचा आशय. एकाच वर्षात एकाच न्यायालयाने दोन्ही गोष्टी सांगितल्या: उत्पादकावर राज्याचा अंकुश हवा, आणि राज्यावर कायद्याचा. आपण २०१० मध्ये पहिली गोष्ट मिळवली. दुसरीसाठी अजून झटायचे आहे.

तेल हाती लागताच नॉर्वेने काय केले, तेही पाहावे. १९७२ मध्ये तिथल्या संसदेने सरकारी तेल कंपनी आणि उत्पादनावर देखरेख करणारे संचालनालय या दोन वेगळ्या संस्था एकाच वेळी उभ्या केल्या. सरकारी कंपनी सरकारची आहे म्हणून तिला नियामकाचे काम द्यायचे नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवले.

गुंतवणूकदाराची बाजू

आता सर्वांत गंभीर आक्षेप. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. खोल समुद्रातली एक विहीर खोदायला अफाट पैसा लागतो आणि ती कोरडी निघाली तर सारा बुडतो. अशा ठिकाणी आणखी नियम, आणखी तपासण्या लादल्या तर कोण येईल? ४.२० डॉलरचा भाव २०१४ पर्यंत गोठून राहिला, पुढे सूत्रे बदलत गेली, खर्च मागाहून अमान्य झाले. या अनिश्चिततेने परदेशी कंपन्या मागे हटल्या, असे उद्योगातले लोक सांगतात. त्यात तथ्य आहे.

पण ही अनिश्चितता नियमन जास्त झाल्याने आलेली नाही. स्वतंत्र नियामक नसल्याने ती आली. मुंबईच्या नैर्ऋत्येला समुद्रात असलेल्या रत्ना तेलक्षेत्राचे उदाहरण घ्या. १९९६ मध्ये ते एस्सार आणि प्रीमियर यांच्या गटाला दिल्याचे ठरले. करारावर सह्या झाल्याच नाहीत. अखेर २०१६ मध्ये मंत्रिमंडळाने ते ओएनजीसीला परत दिले. वीस वर्षे ना खासगी कंपनीला तेल मिळाले, ना देशाला. मंत्री बदलले की धोरण बदलते, फाइल अडली की क्षेत्र अडते. याने सर्वांत जास्त नुकसान प्रामाणिक गुंतवणूकदाराचे होते. वजन वापरून फाइल हलवणाऱ्याचे होत नाही. आधी ठरलेले, छापलेले, सर्वांना सारखे नियम आणि ते राबवणारी मंत्रालयापासून वेगळी संस्था गुंतवणूकदारालाही हवीच आहे.

२०२५ मध्ये संसदेने १९४८ चा तेलक्षेत्र कायदा दुरुस्त केला. पेट्रोलियमसाठी वेगळा भाडेपट्टा, वादांसाठी लवादाची वाट, तुरुंगवासाऐवजी आर्थिक दंड, अशा तरतुदी आल्या. गुंतवणूकदाराला स्थैर्य देण्याचा हेतू त्यात उघड आहे आणि तो योग्यच आहे. त्याच दुरुस्तीत उत्पादनाचा स्वतंत्र नियामक आणि जनतेसमोर हिशेब ठेवण्याचे बंधन आणता आले असते. ते आले नाही.

हिशेब म्हणजे काय

कोकणात गावोगावी देवस्थानांचे न्यास आहेत. सार्वजनिक न्यासांच्या १९५० च्या कायद्याखाली त्यांना जमाखर्च ठेवावा लागतो, तपासून घ्यावा लागतो आणि धर्मादाय कार्यालयाकडे द्यावा लागतो. शंका आली तर गावकरी तिथे दाद मागू शकतो. देवळाच्या दोन एकरांसाठी जो नियम आपण विश्वस्तांना लावतो, तो अब्जावधी डॉलरच्या वायूच्या विश्वस्ताला का लावू नये?

माझ्या मते तीन गोष्टी लगेच करता येण्यासारख्या आहेत. पहिली, उत्पादनासाठी संसदेला उत्तरदायी असा स्वतंत्र नियामक. साठ्याचे मोजमाप, शेजारच्या पट्ट्यांची संयुक्त आखणी आणि विकास आराखड्यांची तपासणी त्याच्याकडे द्यावी. दुसरी, प्रत्येक क्षेत्राचा वार्षिक हिशेब मराठीसह भारतीय भाषांत छापणे: किती काढले, किती खर्च मान्य झाला, सरकारचा वाटा किती, भाव कोणत्या सूत्राने ठरला. भविष्यातल्या निविदांची गुपिते खुशाल झाकावीत. झालेल्या खर्चाचे गुपित कसले? २०१४ मध्ये दूरसंचार कंपन्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, की सार्वजनिक संपत्तीतून महसुलाची वाटणी होत असेल तर खासगी कंपनीच्या हिशेबाची तपासणी कॅग करू शकते. रेडिओलहरींना जो न्याय, तोच वायूला हवा.

तिसरी गोष्ट किनाऱ्याची आहे. जमिनीवरच्या तेलाचे स्वामित्वधन आसाम-गुजरातसारख्या राज्यांना मिळते. समुद्रातल्या तेलाचे सारे केंद्राकडे जाते. १९७४ मध्ये सापडलेले आणि १९७६ पासून तेल देणारे बॉम्बे हाय महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोर आहे, पण त्या तेलाच्या स्वामित्वधनावर राज्याचा हक्क नाही. घटनेने समुद्र संघराज्याला दिला आहे, हे मला मान्य आहे. पण २०१५ मध्ये खाणींच्या कायद्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले आणि खाणकामाची झळ बसणाऱ्या गावांसाठी निधी राखून ठेवायची पद्धत सुरू झाली. त्या कायद्याच्या व्याख्येतून खनिज तेल मात्र मुळातच वगळलेले आहे. म्हणून दापोलीत बॉक्साइटच्या खाणीजवळच्या गावाला जो हक्क आहे, तो तेलाच्या फलाटांभोवती ज्यांची जाळी टाकायची जागा आक्रसते आणि सागरी सर्वेक्षणाच्या काळात ज्यांच्या होड्या किनाऱ्याला लागतात त्या मच्छीमारांना नाही. समुद्रातल्या उत्पादनाच्या महसुलातला एक छोटा भाग किनारी जिल्ह्यांसाठी कायद्याने राखून ठेवायला घटना आड येत नाही. आड येते ती इच्छाशक्तीची कमतरता.

रत्नागिरीत तेल-वायूचा पुढचा प्रकल्प केव्हा ना केव्हा येईल. तेव्हा पुन्हा दोन तट पडतील. एक म्हणेल विकास हवा, दुसरा म्हणेल जमीन आणि समुद्र वाचवा. दोन्ही बाजूंनी पहिला प्रश्न एकच विचारावा, असे मला कळकळीने वाटते: या प्रकल्पाचा कच्चा माल, त्याचा भाव, त्याचा खर्च आणि सरकारचा वाटा यांचा हिशेब आम्हाला कुठे वाचायला मिळेल? हा प्रश्न विचारणाऱ्याला विकासविरोधी ठरवण्याचा अधिकार कुणालाही नाही. २०१० च्या निकालानंतर तर मुळीच नाही. कारण त्या निकालाने सरकारला कंपन्यांच्या वर जे स्थान दिले ते आपल्या नावावर दिले आहे. ज्याच्या नावावर अधिकार वापरला जातो त्याला हिशेब दाखवला गेला नाही, तर विश्वस्त आणि मालक यांच्यात फरक उरत नाही, आणि मग वायू दोन भावांच्या हातात काय किंवा मंत्रालयाच्या बंद दाराआड काय, जनतेला सारखेच.